आधी डावा पाय, मग नजर, मग हात: गाडी शिकणं आणि ड्रायव्हिंगची परीक्षा

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. कागदावर शेरा होता, ‘आरसे पाहत नाही’. मला फार राग आला, कारण मी आरसे पाहत होते. घरी आल्यावर हळूहळू लक्षात आलं की मी मान तसूभरही न हलवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून आरशाकडे बघत होते. मागून एक स्कूटर येत होती, ती आरशात दिसूनही माझ्या डोक्यापर्यंत पोचली नव्हती. परीक्षकाला ते बाजूच्या सीटवरून कळलं होतं.

पुढे घरातल्या आणि ओळखीतल्या चारपाच जणांना मी गाडी शिकवली. त्यातून एक मत पक्कं झालं. बहुतेक जण उलट्या क्रमाने शिकतात. बसल्याबसल्या स्टिअरिंग घट्ट धरायचं, नजर बॉनेटवर ठेवायची आणि क्लचचं जे व्हायचं ते होईल म्हणायचं. स्टिअरिंग हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. आधी डावा पाय, म्हणजे क्लच दाबणारा पाय, तयार करावा, मग नजर. हातांना नंतर फारसं शिकवावं लागत नाही.

चावी फिरवण्याआधीची पाच मिनिटं

आधी सीट. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर सीट लांब आहे, गुडघा स्टिअरिंगला लागत असेल तर जवळ आहे. मग पाठ टेकूनच हात सरळ पुढे करा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं की पाठीचा कोन बरोबर. छाती आणि स्टिअरिंग यांच्यात साधारण २५ सेंटिमीटर अंतर हवं, कारण एअरबॅग उघडायला तेवढी जागा लागते. उंची कमी असलेल्यांनी सीट वर घ्यावी, वर होत नसेल तर खाली घट्ट उशी घ्यावी. मान उंचावून गाडी चालवणारा माणूस अर्ध्या तासात थकतो आणि चुका करू लागतो.

हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. पूर्वी दहा आणि दोन शिकवायचे. एअरबॅग आल्यापासून हात थोडे खाली आणले गेले, म्हणजे ती उघडताना हात तोंडावर आदळत नाहीत.

आतल्या आरशात मागची पूर्ण काच दिसावी. बाहेरच्या आरशांत आपल्या गाडीची बारीकशी पट्टी दिसावी आणि क्षितिज मधोमध यावं. एवढं करूनही काही भाग दिसत नाही. यावर कितीही व्याख्यान दिलं तरी पटत नाही, म्हणून हा प्रयोग करा: गाडी उभी असताना कुणाला तरी मागच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत सावकाश चालायला सांगा आणि तुम्ही फक्त आरशात बघा. एका ठिकाणी तो अख्खा माणूस गायब होतो. तो आंधळा पट्टा खांद्यावरून मान वळवल्याशिवाय दिसत नाही. हे एकदा पाहिलं की मान वळवायला आयुष्यभर कुणी सांगावं लागत नाही.

आणि पातळ सपाट तळव्याचे बूट. जाड तळव्यातून क्लचचा अंदाज येत नाही, चपला पेडलखाली अडकतात.

डावा पाय

क्लच म्हणजे काय हे न सांगता ‘हळूहळू सोड’ एवढंच सांगणारे शिक्षक पुष्कळ आहेत. इंजिनाला जोडलेली एक जड तबकडी सतत फिरत असते. तिच्यासमोर घर्षणाची दुसरी तबकडी असते, ती गिअरबॉक्समार्फत चाकांना जोडलेली. पेडल वर असतं तेव्हा स्प्रिंगच्या जोराने दोन्ही चिकटून असतात. पेडल दाबलं की त्या सुटतात आणि इंजिन एकटंच फिरत राहतं. आता गाडी उभी आहे, म्हणजे एक तबकडी फिरतेय आणि दुसरी स्थिर आहे. त्या एकदम चिकटवल्या तर फिरणारीला थांबावं लागतं. इंजिन बंद पडतं ते यामुळे. त्या हळूहळू घासत जवळ आणल्या तर स्थिर तबकडीला वेग घ्यायला वेळ मिळतो. तुमच्या डाव्या पायाने तिला तो वेळ द्यायचा असतो.

पेडलच्या प्रवासात एक जागा अशी येते, की तबकड्या नुकत्याच एकमेकींना धरू लागतात. इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, गाडीचं नाक जरासं उचलल्यासारखं वाटतं, स्टिअरिंगला हलकी थरथर येते. इथे क्लच पकडतो. ही जागा पायाला सापडली की निम्मी गाडी आली.

ती सापडण्यासाठी सपाट, मोकळी जागा शोधा आणि उजवा पाय ब्रेकजवळ तयार ठेवा. अ‍ॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा. आता क्लच इतका सावकाश वर आणा की कंटाळा यावा. गाडी सरकायला लागली की पाय तिथेच गोठवा. दोन सेकंद थांबून मग उरलेला क्लच सोडा. बहुतेक गाड्या सपाटीवर नुसत्या चालू इंजिनाच्या जोरावर चालायच्या वेगाने पुढे जातात. क्लच दाबा, ब्रेक लावा, थांबा. पुन्हा तेच. हे तीस वेळा करायचं. पहिल्या दिवशी याशिवाय काहीही करू नका. शेजारी बसलेला माणूस वैतागेल, त्याला वैतागू द्या.

रेस न देता गाडी हलवता आली की मगच अ‍ॅक्सिलरेटरची सवय करा. हा क्रम उलटा झाला की माणूस क्लचची चूक रेस देऊन झाकायला शिकतो. इंजिन बोंबलतं, गाडी उडी मारते आणि क्लच प्लेटचं आयुष्य घटतं. गाडीत जळका, करपट वास आला तर अर्ध्या क्लचवर फार वेळ काढलाय असं समजावं आणि गाडी थोडी थांबू द्यावी. गाडी चालत असताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवयही त्याच वासाकडे नेते.

गाडी बंद पडली तर लाजायचं काही नाही. ब्रेक, क्लच, न्यूट्रल, चालू, पहिला गिअर, आजूबाजूला नजर, निघा. हा क्रम इतका घोकावा की मागचा हॉर्न वाजवत असतानाही चुकू नये. परीक्षेत हाच कामाला येतो.

ऑटोमॅटिकवर शिकणाऱ्यांनी हा सगळा भाग वगळला तरी चालेल, फक्त दोन्ही पेडलांसाठी एकटा उजवा पाय वापरा. ब्रेकवर डावा पाय ठेवण्याचा मोह घातक ठरतो. मात्र अर्ज करण्याआधी तुमच्याकडचा नियम पाहा, कारण काही देशांत ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं.

गिअर, थांबणं आणि चढ

गिअर कधी बदलायचा हे कान सांगतो. सुरुवातीला आकडा हवाच असेल तर पेट्रोल गाडीत साधारण २५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे, समोरच्या काट्यावर दिसतात) आणि डिझेलमध्ये २००० च्या आसपास वरचा गिअर टाका. आठवड्याभरात काट्याकडे बघावं लागणार नाही. गिअरच्या दांड्याकडे मात्र कधीच बघू नका. इंजिन बंद करून, क्लच दाबून, डोळे मिटून सगळे गिअर पन्नास वेळा टाकून बघावेत. घरात कुणी हसलं तर हसू दे.

थांबताना नवखे क्लच आणि ब्रेक एकदमच दाबतात. त्याने चाकं इंजिनापासून सुटतात, गाडी मोकळी घरंगळते आणि ब्रेकवरचा भार वाढतो. आधी ब्रेक लावा, वेग उतरू द्या, इंजिन गुरगुरायला लागेल असं वाटलं की क्लच. उतारावर तर गिअरमध्येच राहा, इंजिन गाडी आवरून धरतं.

चढाची भीती सगळ्यांनाच असते. हँडब्रेक ओढा. पहिला गिअर टाका. थोडी रेस देऊन ती स्थिर धरा. क्लच पकडायच्या जागेपर्यंत आणा, गाडीचं नाक उचललं जाईल आणि मागचा भाग किंचित बसेल. ते जाणवेपर्यंत हँडब्रेकला हात लावायचा नाही. जाणवलं की हँडब्रेक सोडा, गाडी जागच्या जागी उभी राहील. मग जरा रेस, जरा क्लच. लोक घाबरून हँडब्रेक आधी सोडतात आणि पुढचं सगळं बिनसतं. नव्या गाड्यांत चढावर ब्रेक दोनएक सेकंद आपोआप धरून ठेवणारी सोय असते, पण परीक्षेची गाडी कोणती असेल याचा भरवसा नसतो, म्हणून हाताने शिकून ठेवावं.

नजर

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

नवख्याची नजर बॉनेटच्या पुढे पाचसात मीटरवर खिळलेली असते. त्यामुळे गाडी सतत डावी-उजवीकडे डुलते, कारण प्रत्येक दुरुस्ती उशिरा होते. नजर उचलून रस्ता जिथवर दिसतो तिथवर न्या. गाडी आपोआप सरळ जाऊ लागते, यात काही जादू नाही, हातांना आगाऊ सूचना मिळते इतकंच. वळणावर बाहेर जिथे पडायचंय तिकडे बघा. अरुंद जागेतून जाताना खांबाकडे न बघता मधल्या मोकळ्या जागेकडे बघा. ज्याच्याकडे बघाल त्याच्याकडे गाडी ओढली जाते, खड्डा चुकवायचा म्हणून खड्ड्याकडे टक लावणारा नेमका खड्ड्यातच जातो.

लांब का बघायचं याचा हिशेबही करून ठेवा. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटरच्या वेगात तेवढ्या वेळात गाडी १२.५ मीटर जाते. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी ५ मीटर लागतात. एकूण साडेसतरा. आता वेग दुप्पट करा, ताशी ६०. विचार करण्यातच २५ मीटर गेले आणि ब्रेकचं अंतर दुप्पट न होता चौपट, म्हणजे २० मीटर झालं, कारण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. एकूण ४५ मीटर. रस्ता ओला असेल तर त्यातला ब्रेकचा भाग दीडपट-दुप्पट होऊ शकतो. मोकळ्या मैदानात ४५ मीटर पावलांनी मोजून एकदा मागे वळून पाहा. मी मोजले तेव्हा अंतर पाहून थोडा वेळ तशीच उभी राहिले होते.

पुढच्या गाडीपासून मीटर मोजत बसायची गरज नाही. ती एखाद्या खांबाजवळून गेली की सावकाश ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणा. ते म्हणून होण्याआधी तुम्ही खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. हे झाले दोन सेकंद, पावसात त्यांचे चार करा.

आरशांची सवय अशी लावावी: इंडिकेटर देण्याआधी आरसा, वेग बदलण्याआधी आरसा, दिशा बदलण्याआधी आरसा आणि मग खांद्यावरून नजर. ही सवय लावायला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे मोठ्याने बोलत गाडी चालवणं. ‘समोर शाळेची पाटी, आरसा पाहते, मागे कुणी नाही, वेग कमी. कडेला उभ्या गाडीत माणूस बसलाय, दार उघडू शकतो, थोडं अंतर ठेवते.’ ब्रिटनमध्ये पोलीस चालकांना असंच बोलत गाडी चालवायला शिकवतात. पहिले दोन दिवस वेड्यासारखं वाटतं. पण तोंड बंद पडलं की नजर भरकटली आहे हे तुम्हालाही कळतं आणि शेजारच्यालाही. दुसऱ्या परीक्षेआधी मी दहा दिवस हे केलं.

मागे घेणं आणि पार्किंग

रिव्हर्समध्ये गोंधळ होतो, पण एवढं लक्षात ठेवा: स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवाल, गाडीची शेपूट त्या बाजूला जाते आणि त्याच वेळी नाक उलट बाजूला फेकलं जातं. शेपटीकडे बघता बघता पुढचा कोपरा भिंतीला घासतो तो यामुळेच. वेग मुंगीचा हवा, म्हणजे पुन्हा क्लचच. डाव्या पायाला आधी तयार केलं त्याचा फायदा इथे दिसतो. सावकाश गाडीत चुकलेलं स्टिअरिंग सुधारायला वेळ मिळतो.

दोन गाड्यांच्या मध्ये, रस्त्याला समांतर गाडी लावायची असेल तर जागा सुरुवातीला स्वतःच्या गाडीच्या किमान दीडपट निवडा. पुढच्या गाडीच्या शेजारी, हातभर-दोन हात अंतर सोडून, मागचे बंपर एका रेषेत येतील अशी थांबा. सगळीकडे बघा. मागे सरकायला लागा आणि स्टिअरिंग पूर्ण कडेच्या बाजूला फिरवा. गाडी कडेशी साधारण ४५ अंशात आली, म्हणजे रस्त्याकडच्या बाहेरच्या आरशात मागच्या गाडीचं अख्खं तोंड दिसू लागलं, की स्टिअरिंग सरळ करा. तुमचा पुढचा कोपरा पुढच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यापासून सुटला की स्टिअरिंग पूर्ण उलट फिरवा, नाक आत येतं. पहिल्या दहा वेळा जमणार नाही. पुठ्ठ्याची खोकी उभी करून सराव करा, खोकी कुणाची नुकसानभरपाई मागत नाहीत.

सराव किती?

‘पंधरा दिवसांत गाडी’ ही जाहिरात वाचायला छान वाटते. ब्रिटनमध्ये परीक्षा घेणारी सरकारी संस्था सांगते, की पास होणाऱ्याला सरासरी ४५ तासांचं शिकवणीतलं ड्रायव्हिंग लागतं आणि त्यावर स्वतःचा सराव वेगळा. कुणाला कमी लागेल, कुणाला जास्त. जर्मनीत तासांपेक्षाही एक शहाणपणाची गोष्ट करतात. तिथे शहराबाहेरच्या रस्त्यावर, मोटारवेवर आणि अंधारात ठरावीक वेळा चालवल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. तुमच्याकडे असा नियम नसला तरी ही यादी स्वतःला लावून घ्या. रात्र, पाऊस, गर्दी, वेगाचा रस्ता आणि लांबचा चढ-उतार यांतला प्रत्येक प्रसंग एकदा तरी कुणीतरी जाणतं शेजारी असताना येऊन जावा.

जोराचा ब्रेकही एकदा मुद्दाम लावून बघा, मोकळ्या मैदानात, ताशी ३० च्या वेगात. एबीएस, म्हणजे जोराच्या ब्रेकने चाकं जाम होऊ न देणारी सोय, असलेल्या गाडीत पेडल पायाखाली थरथरतं आणि खरखर आवाज येतो. हे माहीत नसलेला माणूस ऐनवेळी दचकून पाय उचलतो. पाय उचलायचा नाही, दाबून धरायचा. चाकं जाम होत नसल्याने स्टिअरिंगही वळवता येतं.

लेखी परीक्षेसाठी फार बोलत नाही, नियमांचं पुस्तक वाचा आणि सराव प्रश्न सोडवा. चिन्हं पाठ करण्याआधी आकार पाठ करा. १९६८ च्या व्हिएन्ना करारामुळे बऱ्याच देशांत त्रिकोण म्हणजे सावधानता आणि वर्तुळ म्हणजे आज्ञा किंवा मनाई असतं. ‘थांबा’ची पाटी अष्टकोनी आणि ‘रस्ता द्या’ची उलट्या त्रिकोणाची. हे दोन आकार दुसऱ्या कुठल्याही पाटीला नसल्याने पाटी चिखलाने माखली असली किंवा पाठमोरी असली तरी ओळखू येते. चौकात समोरच्याला थांबायचंय की नाही, हे त्याच्या पाटीच्या पाठीवरून कळतं.

परीक्षेचा दिवस

कागदपत्रं आदल्या रात्री एका पाकिटात घाला. गाडी तुमची असेल तर दिवे, ब्रेकचे दिवे, इंडिकेटर, हॉर्न, टायरमधली हवा आणि इंधन बघून घ्या. परीक्षेआधी अर्धा तास चालवून या, थंड पायांनी थेट परीक्षेला बसू नका. गाडी अनोळखी असेल तर सीट आणि आरसे लावायला हवा तेवढा वेळ घ्या. परीक्षक त्यावरून काही वाईट मत करून घेत नाही, उलट घाई करणाऱ्याकडे तो जरा जास्त लक्ष देतो.

परीक्षकाला तुमच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही, मान दिसते. म्हणून आरसा पाहताना हनुवटी थोडी हलू द्या. हे नाटक आहे असं मला वाटायचं, पण मान हलवली की बघणंही खरंच नीट होतं.

‘थांबा’च्या पाटीशी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. मनात दोन आकडे मोजा, मग निघा. सरकत सरकत पुढे जाणं ही नापास होण्याची खूप जुनी रीत आहे. तसंच, सुरक्षित दिसावं म्हणून गोगलगायीसारखं चालवू नका. मोकळ्या रस्त्यावर विनाकारण रेंगाळणं हाही दोष धरतात.

सूचना कळली नाही तर परत विचारा. ‘डावीकडे’ सांगितल्यावर चुकून उजवा इंडिकेटर दिला असेल तर शेवटच्या क्षणी गाडी वळवून दुरुस्ती करू नका. सुरक्षितपणे उजवीकडे जा. रस्ता चुकणं आणि धोका निर्माण करणं यांतला फरक परीक्षकाला कळतो. गाडी बंद पडली तर वर घोकलेला क्रम. एक चूक झाल्यावर तिचाच विचार करत पुढची चूक करणारे फार असतात. पहिली चूक कदाचित किरकोळ म्हणून सोडलीही गेली असती.

परीक्षा बंद मैदानातल्या आखलेल्या ट्रॅकवर असेल तर तंत्र थोडं वेगळं लागतं. तिथे रहदारी नसते, रेषा असतात. ट्रॅकची मापं आधी मिळवा, मैदानात चुन्याने किंवा खोक्यांनी तशीच आखा आणि पहिल्या गिअरमध्ये, रेस न देता, फक्त क्लचवर चालवून बघा. पहिल्या दिवशीचा कंटाळवाणा सराव इथे जसाच्या तसा वापरता येतो.

नापास झालात तर वाद घालू नका, कारण नेमकं विचारा. ‘नीट चालवली नाही’ एवढ्यावर परतू नका, कुठल्या वळणावर आणि काय चुकलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा. पुढचा सराव तेवढ्याच गोष्टीचा करा.

पास झालात, लायसन्स हातात आलं, की पहिल्यांदा एकटं निघताना दिवसाची, कमी रहदारीची वेळ आणि माहीत असलेला छोटा रस्ता निवडा. गाडीत गप्पा मारणारी मित्रमंडळी नकोत. आणि ही गाडी शिकवणीतली नसेल, तर निघण्याआधी पाच मिनिटं मोकळ्या जागेत रेस न देता ती पुढे सरकवून बघा. प्रत्येक गाडीत क्लच वेगळ्या उंचीवर पकडतो.